शाळेपर्यंतचं पेट्रोल कुणाच्या हिशेबात?

फेब्रुवारी उजाडला की आमच्या स्टाफरूममध्ये दोन गोष्टी एकदमच येतात. दहावीच्या सराव परीक्षेचे गठ्ठे आणि आयकराचे फॉर्म. गठ्ठे तपासून होतात, फॉर्म मात्र टेबलावर तसेच पडून राहतात. शेवटच्या दिवशी क्लार्क दारात उभा राहून ‘‘सर, आजच द्या, नाहीतर पगार अडकेल’’ म्हणाला की मग सगळ्यांची धावपळ. गेली काही वर्षं त्या धावपळीत मला एकच प्रश्न हमखास विचारला जातो. ‘‘आपा, गाडीच्या पेट्रोलचं काही लिहायचं का?’’

माझा विषय उर्दू आणि मराठी. हिशेब हा काही माझा प्रांत नव्हे. पण एकदा स्वतःचा फॉर्म स्वतः भरला आणि तेव्हापासून शाळेत मी त्यातली जाणकार ठरले. जाणकार ठरवल्यावर वाचणं भाग पडलं. शेवटी कायद्याचं पुस्तक म्हणजेही भाषाच. वाक्य कुठे सुरू होतं, कुठे ‘परंतु’ येतो, हे बघण्याची सवय आम्हा भाषेच्या लोकांना असतेच.

मी चिपळूणला राहते. शाळा खेड तालुक्यात, घरापासून अठ्ठावीस किलोमीटर. परशुराम घाट उतरायचा-चढायचा रोजचा शिरस्ता. उन्हाळ्या-हिवाळ्यात स्कूटर, पावसाळ्यात एसटी. मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट झालं, त्याने मोठा आधार मिळाला. तरी गाडीची वेळ आणि शाळेची वेळ यांचं जमत नाही, म्हणून स्कूटर सुटत नाही. पेट्रोल शंभराच्या वर गेल्यापासून महिन्याला तीन हजारांच्या आत-बाहेर जातात. टायर, सर्व्हिसिंग, विमा धरला तर वर्षाचे छत्तीस हजार कुठेच गेले नाहीत. हे पैसे मी नोकरीसाठीच खर्च करते. हौसेने घाट चढायला कोण जातं? मग यातला एखादा रुपया तरी उत्पन्नातून वजा होतो का?

सरळ उत्तर असं, की नाही. पगारदार माणसाने घर ते कामाचं ठिकाण या प्रवासावर स्वतःच्या खिशातून केलेला खर्च आपल्या आयकर कायद्यात वेगळा वजा होत नाही. पेट्रोलची बिलं कितीही जपून ठेवा, ती दाखवायला फॉर्ममध्ये रकानाच नाही.

पण हे उत्तर एवढ्यावर संपत नाही, आणि ते अर्धवट माहीत असल्यामुळेच आमच्या शाळेत एका सरांचं नुकसान झालं आणि दुसऱ्या सरांचा हक्क बुडाला. दोघांची गोष्ट पुढे सांगते.

आधी जरा मागे जाऊ. १९७४ च्या आधी स्वतःचं वाहन ठेवणाऱ्या नोकरदाराला त्याच्या खर्चासाठी कायद्यात वेगळी वजावट होती. पुस्तकांसाठी वेगळी, व्यवसाय करासाठी वेगळी. एवढ्या बारीकसारीक गोष्टी तपासत कोण बसणार, म्हणून १९७४ मध्ये या सगळ्यांची मोट बांधून एकच ठोक वजावट आणली. तीच स्टँडर्ड डिडक्शन. बिल नको, पुरावा नको, पगार आहे ना, मग ही रक्कम वजा. २००५-०६ पासून ती काढून टाकली. त्यानंतर पगारदाराच्या हातात राहिला तो वाहतूक भत्त्यावरचा सवलतीचा तुकडा. अनेक वर्षं महिन्याला ८०० रुपये आणि २०१५-१६ पासून १,६०० रुपये एवढा भत्ता करमुक्त होता. घरून कामावर जाण्या-येण्यासाठी म्हणून मालक जो भत्ता देतो, त्यातले वर्षाला १९,२०० रुपये करातून सुटायचे.

२०१८ च्या अर्थसंकल्पात अरुण जेटलींनी स्टँडर्ड डिडक्शन परत आणली, ४०,००० रुपयांची. टीव्हीवर मोठी बातमी झाली. आमच्या स्टाफरूममध्ये पेढेसुद्धा आले होते. पण त्याच अर्थसंकल्पात वाहतूक भत्त्याची १९,२०० ची सूट आणि वैद्यकीय खर्चाच्या परताव्याची १५,००० ची सूट गेली. दोन्ही मिळून ३४,२००. म्हणजे ज्यांना दोन्ही मिळत होत्या, त्यांच्या पदरात जास्तीचे पडले ५,८०० रुपये. वर सेसही तीन टक्क्यांचा चार टक्के झाला. पेढे महागात पडले! पुढे २०१९ मध्ये ही रक्कम ५०,००० झाली. जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात नव्या करप्रणालीसाठी ती ७५,००० झाली, जुन्या प्रणालीत ५०,००० च राहिली.

तेव्हा ‘पेट्रोलचं काही मिळत नाही’ हे जितकं खरं, तितकंच हेही खरं की ते स्टँडर्ड डिडक्शनच्या पोटात आधीच मिळालेलं आहे. फरक एवढाच, की शाळेच्या शेजारी राहणाऱ्या बाईंनाही पंचाहत्तर हजार आणि घाट ओलांडून येणाऱ्या मलाही पंचाहत्तर हजार.

हे न्यायाचं आहे का? कायद्याचं म्हणणं असं, की तुमचं काम शाळेत पोहोचल्यावर सुरू होतं. कुठे राहायचं हा तुमचा प्रश्न. हा विचार इंग्रजांच्या अमलापासूनचा आहे. १९२० च्या दशकात इंग्लंडच्या हाऊस ऑफ लॉर्ड्ससमोर रिकेट्स नावाच्या बॅरिस्टरचा खटला गेला. ते राहायचे आणि वकिली करायचे लंडनमध्ये, आणि पोर्ट्समथला रेकॉर्डर म्हणून न्यायदानाचं काम करायचे. रेल्वेभाडं उत्पन्नातून वजा करून मिळावं असं त्यांचं म्हणणं होतं. निकाल विरुद्ध गेला. तुम्ही लंडनमध्ये राहता ही तुमची सोय, पदाची ती गरज नव्हे, असा त्याचा आशय. तेव्हापासून अनेक देशांत हाच धागा चालत आला. जर्मनी थोडी उदार. तिथे २०२५ पर्यंत घर ते काम या एका बाजूच्या अंतरासाठी पहिल्या वीस किलोमीटरला प्रत्येकी ३० सेंट आणि त्यापुढच्या किलोमीटरला ३८ सेंट अशी ठरलेली वजावट होती, मग तुम्ही सायकलने जा की रेल्वेने. आणि आपल्याकडचे जे आखातात आहेत, त्यांच्या पगारावर तिथे आयकरच नसल्याने हा प्रश्नच त्यांना पडत नाही. माझा मामेभाऊ दुबईहून फोन करून हसतो.

मला स्वतःला ‘तुमची सोय’ हा शब्द पटत नाही. सासूबाई आजारी, मुलांची शाळा चिपळूणला, नवऱ्याची नोकरी चिपळूणला. सोय कसली, ती तर कसरत. पण कोर्टाला सासूबाई नसतात, आणि कायदा आहे तो असा आहे.

आता त्या दोन सरांची गोष्ट.

पहिले सर आमच्यापैकी सगळ्यात हुशार, गणिताचे. २०२४ च्या उन्हाळ्यात त्यांच्याकडे एक एजंट आला. ‘‘तुमचे बारा-तेरा हजार परत काढून देतो. त्यातले माझे दोन हजार. नाही आले तर एक रुपया नको.’’ सरांची जुनी करप्रणाली, घराचं कर्ज चालू, म्हणून वीस टक्क्यांच्या टप्प्यात. एजंटने काय केलं, तर विवरणपत्रात करमुक्त भत्त्यांच्या रकान्यात ६०,००० रुपये ‘कामानिमित्त वाहन भत्ता’ म्हणून टाकले. सरांच्या पगारपत्रकात असा भत्ताच नव्हता. फॉर्म १६ मध्येही नव्हता. पण परतावा आला. १२,४८० रुपये, बँकेत जमा. स्टाफरूममध्ये चहा झाला. आणखी चार जणांनी एजंटचा नंबर घेतला. खरं सांगायचं तर मीही घेतला होता. इतक्या वर्षांचा घाट, मनात आलं, आपलंच तर आहे, मागितलं तर काय बिघडलं?

त्या रात्री कलम १० चं पोटकलम १४ आणि नियम २बीबी वाचला. तिथे लिहिलंय ते साध्या भाषेत असं. नोकरीचं काम *करत असताना* जो प्रवास होतो, त्याच्या खर्चासाठी मालकाने भत्ता दिला असेल, तर तो जेवढा खरोखर खर्च झाला तेवढा करमुक्त. यात तीन अटी आहेत. भत्ता मालकाने *दिलेला* हवा. काम करताना झालेल्या प्रवासाचा हवा, घरून कामावर जाण्याचा नव्हे. आणि तेवढा खर्च खरंच झालेला हवा. आमच्या गणिताच्या सरांकडे तिन्हीपैकी एकही नव्हती. मी नंबर पुसून टाकला.

२०२५ च्या मध्यावर सरांना आयकर विभागाचा मेसेज आला. तुमच्या विवरणपत्रातली सूट आणि तुमच्या मालकाने कळवलेली माहिती जुळत नाही, तपासून दुरुस्त करा. त्या वर्षी खोट्या वजावटी दाखवणाऱ्यांविरुद्ध विभागाने मोठी मोहीम उघडली होती. मालकाची माहिती, बँकेची माहिती, विवरणपत्र, सगळं संगणकात शेजारीशेजारी असतं. विसंगती सापडायला माणूस लागत नाही. एजंटचा फोन बंद. सरांनी अपडेटेड विवरणपत्र भरलं. ते वेळेत भरलं म्हणून १२,४८० परत, त्यावर व्याज आणि त्या दोन्हींच्या बेरजेवर २५ टक्के जादा कर यावर भागलं. उशीर केला असता तर तो जादा कर ५०, ६०, ७० टक्क्यांपर्यंत चढत गेला असता. आणि नोटीस येऊन चुकीची माहिती दिली असं ठरलं असतं, तर बुडवलेल्या कराच्या २०० टक्के दंड. म्हणजे जवळजवळ पंचवीस हजार. एजंटचे दोन हजार गेले ते गेलेच.

त्यांना सगळ्यात जास्त लागलं ते वेगळंच. ‘‘आपा, मी मुलांना शंभर वेळा सांगतो, उत्तर बरोबर आलं म्हणून भागत नाही, रीत दाखवा. आणि मी स्वतः रीत न बघता सही केली.’’ सही त्यांची होती हेच खरं. विवरणपत्र एजंटने भरलं तरी जबाबदारी सही करणाऱ्याची. घरातल्या बहिणींनो, नवऱ्याचं, भावाचं विवरणपत्र कुणी ‘भरून देतो’ म्हणालं, तर एकदा ते उघडून बघा. फॉर्म १६ मध्ये जो भत्ता नाही, तो विवरणपत्रात कुठून आला, एवढाच एक प्रश्न विचारा.

दुसरे सर इतिहासाचे. लहानपणी पोलिओ झाला, डावा पाय अधू. तीनचाकी जोडलेल्या स्कूटरवर येतात. शांत माणूस. फॉर्मच्या दिवशी निमूटपणे सही करून निघून जातात. गणिताच्या सरांच्या भानगडीमुळे मी नियम २बीबी पूर्ण वाचला, तेव्हा त्याच नियमात पुढे एक ओळ दिसली. २०१८ नंतर घर ते काम या प्रवासाच्या भत्त्यावरची सूट सगळ्यांची गेली, पण अंध, मूकबधिर किंवा पायांनी अधू असलेल्या कर्मचाऱ्यांची राहिली. १९६१ च्या कायद्यात त्यांना वाहतूक भत्त्यापैकी महिन्याला ३,२०० रुपयांपर्यंत सूट आहे. जुन्या प्रणालीतही आहे आणि नव्या प्रणालीतही. भत्ता कमी असेल तर मिळतो तेवढाच सुटतो.

मी त्यांचं पगारपत्रक मागितलं. वाहतूक भत्ता दरमहा २,७००. वर्षाचे ३२,४००. सगळेच्या सगळे करपात्र धरलेले. क्लार्कला विचारलं तर म्हणाला, ‘‘वाहतूक भत्त्याची सूट बंद झाली ना आपा, २०१८ ला.’’ त्याचं चुकलं असं तरी कसं म्हणू? सगळ्यांची बंद झाली होती. अपवाद कुणी सांगितला नव्हता.

वीस टक्के आणि सेस धरून वर्षाचे ६,७३९ रुपये. सर बराच वेळ कागदाकडे बघत राहिले. मग म्हणाले, ‘‘म्हणजे ज्यांना मिळायला नको होतं त्यांना एजंटने शोधून काढलं, आणि मला कुणीच नाही.’’ रागाने नाही म्हणाले. इतिहासाच्या तासाला सनावळी सांगतात तसं म्हणाले.

मागची वर्षं आता कशी मिळवायची? अपडेटेड विवरणपत्रात परतावा मागता येत नाही, ती वाट फक्त जादा कर भरणाऱ्यांसाठी आहे. त्या वर्षांची सुधारित विवरणपत्राची मुदतही निघून गेलेली. उरते ती कलम ११९(२)(ब) ची वाट. उशीर माफ करावा असा अर्ज प्रधान आयकर आयुक्तांकडे करायचा. संबंधित करनिर्धारण वर्ष संपल्यापासून पाच वर्षांच्या आत तो करता येतो. मंजूर होईलच असं नाही, खरी अडचण होती हे पटवून द्यावं लागतं. २०२१-२२, २०२२-२३ आणि २०२३-२४ अशा तीन वर्षांचे अर्ज आम्ही दोघांनी बसून लिहिले. अपंगत्वाचा दाखला, पगारपत्रकं, फॉर्म १६ जोडले. तुमच्या घरात, शेजारात पायाने अधू किंवा अंध कर्मचारी असेल, सरकारी असो वा खासगी, तर ही ओळ त्यांना नक्की दाखवा.

आता आमच्यासारख्या इतरांचं यंदा काय? आर्थिक वर्ष २०२५-२६ साठी नव्या करप्रणालीत बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर पडत नाही. पगारदाराचे ७५,००० धरले की पावणेतेरा लाखांपर्यंत. माझा पगार त्याच्या आत येतो, तेव्हा यंदा पेट्रोल वजा होतं की नाही याने मला काडीचा फरक पडत नाही. स्टाफरूममधल्या बहुतेकांचं तसंच. वजा करायला करच नाही! पेट्रोल मात्र खिशातूनच जातं, ते कुठल्याच प्रणालीत कमी झालेलं नाही. १ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या कायद्याची जागा २०२५ चा आयकर कायदा घेतो आहे, त्यामुळे वर दिलेले कलमांचे आकडे बदलतील. जुन्या वर्षांच्या हिशेबाला मात्र जुनाच कायदा.

नोकरीच्या *कामासाठी* होणारा प्रवास मात्र वेगळा. मुख्याध्यापकांनी मला रत्नागिरीला शिक्षण विभागात कागद घेऊन पाठवलं, निवडणुकीच्या प्रशिक्षणाला जावं लागलं, तर त्याचं प्रवास भत्त्याचं बिल होतं आणि खर्च झालेली ती रक्कम करपात्र नसते. बिल टाकायचा कंटाळा करून खिशातून खर्च केला, तर तो नंतर विवरणपत्रात वजा करता येत नाही. म्हणून बिल वेळेवर टाका. माझा भाचा औषध कंपनीत प्रतिनिधी आहे, रत्नागिरी-सिंधुदुर्ग बाईकवर पालथं घालतो. कंपनी त्याला फिरतीसाठी महिन्याला ६,००० देते. ‘‘खाला, हे सगळं टॅक्स-फ्री ना?’’ म्हणाला. सगळं नाही. ज्या महिन्यात ५,२०० खर्च झाले, त्या महिन्यात ५,२०० करमुक्त आणि उरलेले ८०० करपात्र. त्याला मी एक दोनशे पानी वही दिली. तारीख, कुठून कुठे, कोणत्या कामाला, किती किलोमीटर. पंपाच्या पावतीची शाई दोन महिन्यांत उडते, म्हणून तिचा फोटो मोबाईलमध्ये.

लोटे औद्योगिक वसाहतीतले कामगार कंपनीच्या बसने जातात. त्यांच्या घरातल्या काही जणी विचारतात, ही फुकट बस पगारात धरली जाते का? नाही. घर ते काम या प्रवासासाठी मालकाने दिलेलं वाहन हा कायद्याने करपात्र लाभ मानलेला नाही. पगार दोन हजारांनी वाढवून घेण्यापेक्षा कंपनीची बस कधीकधी जास्त फायद्याची, ती अशी.

विजेची स्कूटर घेतलेल्यांसाठी एक ओळ. १ एप्रिल २०१९ ते ३१ मार्च २०२३ या काळात मंजूर झालेल्या कर्जावरचं व्याज, वर्षाला दीड लाखांपर्यंत, जुन्या प्रणालीत वजा होतं, कर्ज फिटेपर्यंत. नवीन कर्जाला ती सवलत नाही.

ज्यांचा स्वतःचा धंदा आहे, त्यांचं गणित उलटं. तिथे खर्च वजा होणं हाच नियम. धंद्यासाठी, आणि निव्वळ धंद्यासाठी झालेला खर्च असेल तर डिझेल, दुरुस्ती, विमा, टोल, गाडीच्या कर्जावरचं व्याज, सगळं वजा. शिवाय गाडीची घसारा रक्कम. आमच्या गल्लीत बेकरी आहे. त्यांचा टेम्पो पहाटे पाव-खारी घेऊन गावोगाव जातो. स्वतःच्या मालासाठी वापरल्या जाणाऱ्या अशा गाडीवर वर्षाला १५ टक्के घसारा मिळतो. आणि भाड्यानेच चालणाऱ्या गाडीवर ३० टक्के. आठ लाखांचा भाड्याचा टेम्पो असेल तर पहिल्या वर्षी २,४०,०००, दुसऱ्या वर्षी उरलेल्या ५,६०,००० वर १,६८,०००. पहिल्या वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरला तर त्या वर्षी निम्माच.

बेकरीवाल्या चाचांची मोटारही धंद्याच्या नावावर आहे. त्यातून मैदा येतो, उधारी वसूल होते आणि कुटुंबातली सगळी लग्नंही होतात. कायद्यात असं, की गाडी काही धंद्याला आणि काही घराला वापरली तर धंद्यापुरताच वाजवी हिस्सा वजा. चाची म्हणाल्या, ‘‘लग्नाचा हिस्सा कसा काढायचा?’’ वहीशिवाय नाहीच काढता येत. आणि त्यांनी गॅरेजवाल्याला इंजिनाचे बावीस हजार एका दिवसात रोख दिले होते. एकाच माणसाला एका दिवसात दहा हजारांच्या वर रोख दिलेला खर्च वजा होत नाही. चेकने किंवा मोबाईलवरून दिले असते तर झाला असता. काम खरं, खर्च खरा, तरी बाद. शिकवणीला घरोघरी जाणाऱ्या आमच्या बहिणींनाही हाच नियम. शिकवणीचं उत्पन्न हे पगार नव्हे, तेव्हा एका घरून दुसऱ्या घरी जाण्याचं रिक्षाभाडं त्यातून वजा होतं. बोर्डाचे पेपर तपासून जे मानधन मिळतं, ते मिळवण्यासाठी झालेला प्रवासही त्या मानधनातून वजा करता येतो. रक्कम छोटी असते, पण आमच्यातल्या फार थोड्यांना हे माहीत आहे.

माझ्या धाकट्या दिराने गेल्या वर्षी कर्जावर टेम्पो घेतला, भाड्याचा. जानेवारीत घरी आला तो पावत्यांची पिशवी घेऊनच. ‘‘भाभी, डिझेल कुठल्या रकान्यात लिहायचं?’’ मी म्हटलं, कुठल्याच नाही. दहापर्यंत मालवाहू गाड्या असलेल्यांना कायद्याने सोपी वाट दिली आहे. बारा टनांपर्यंतच्या गाडीमागे महिन्याला ७,५०० रुपये उत्पन्न धरायचं, म्हणजे वर्षाला ९०,०००. बारा टनांच्या वरच्या गाडीला दर टनामागे महिन्याला १,०००. वह्या नकोत, पावत्या नकोत. पण मग डिझेल, घसारा, व्याज यांपैकी काहीही वेगळं वजा नाही, ते सगळं त्या ठोक आकड्यात आलं असं धरतात. रिक्षावाल्यांना मात्र ही वाट नाही, ती फक्त मालवाहू गाड्यांची. त्यांच्यासाठी एकूण धंद्याच्या ८ टक्के, आणि ऑनलाईन घेतलेल्या पैशांच्या ६ टक्के उत्पन्न धरायची दुसरी सोय आहे.

दीर खुश झाला. नव्वद हजार म्हणजे कर शून्य. पिशवी तिथेच टाकून निघाला होता. मी थांबवलं. कायद्यात त्या ७,५०० च्या पुढे आणखी शब्द आहेत: किंवा खरोखर मिळालेलं उत्पन्न जास्त दाखवायचं असेल तर ते. त्याला दोन वर्षांनी दुसऱ्या टेम्पोसाठी कर्ज हवंय. बँक विवरणपत्र मागणार. वर्षाला नव्वद हजार कमावणाऱ्याला बँक काय देणार? खरं उत्पन्न चार लाख असेल तर चार लाख दाखव, तरी नव्या प्रणालीत कर शून्यच. ते किती आहे हे कळायला मात्र हिशेब लागतो. तो पुन्हा बसला. पिशवी उलटी केली. अम्मी चहा घेऊन आल्या आणि रात्री साडेअकरापर्यंत आम्ही पावत्या महिन्यांप्रमाणे लावत होतो. मे महिन्याच्या अर्ध्या कोऱ्याच निघाल्या, शाई उडालेली.

इतिहासाच्या सरांचे तिन्ही अर्ज गेल्या आठवड्यात पोस्टाने गेले. पोचपावती त्यांनी हजेरीपटाच्या आत ठेवली आहे. क्लार्कने त्यांच्या यंदाच्या फॉर्मवर वाहतूक भत्त्यासमोर पेन्सिलीने ‘सूट’ असं लिहिलं आणि मला विचारलं, ‘‘आपा, हे पेनाने लिहू ना?’’